सबबींचा पूल

त्याचं खरं नाव बस डेपोत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते वापरायचं सोडून दिलं होतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. कामच तसं होतं. फलाटांच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, एक माइक, कुरकुरणारा एक पंखा आणि हा. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..." एवढं तो म्हणाला की खाली पिशव्या उचलल्या जात, पोरांचे दंड धरले जात, अर्धी सिगरेट पायाखाली चिरडली जाई. आणि प्रत्येक घोषणेच्या शेवटी तो आपल्या पदरचं एक वाक्य जोडायचा. "घाई करू नका, गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही." हे वाक्य कुठल्या नियमात नव्हतं. एका साहेबाने त्यावरून त्याला चांगलं झापलंही होतं. पुढे साहेबाची बदली झाली, वाक्य मात्र जागच्या जागी राहिलं.

तर अशा माणसाचा आवाज बसला. आता बोलणाऱ्याचा आवाज बसणार नाही तर काय मुक्याचा बसणार? गुळण्या झाल्या, मध झाला, वाफ झाली. आवाज थोडा उठायचा आणि पुन्हा मटकन बसायचा. आणि एक दिवस दाढी करताना डाव्या जबड्याच्या खाली त्याच्या बोटाला गाठ लागली. वाटाण्याएवढी, टणक, दाबली तरी न दुखणारी. दुखली असती तर फार बरं झालं असतं, कारण दुखणं माणसाला ओढत डॉक्टरकडे नेतं. जे दुखत नाही ते माणूस मफलरखाली ठेवतो. भोंग्याने तेच केलं. बायकोला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. त्या वाटाण्यात त्याचा आवाज अडकला होता, कदाचित जीवही, आणि हे त्याला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण कळलेली गोष्ट न कळल्यासारखी करण्यात त्याचा हात इतका बसला होता, की विचारता सोय नाही. हा हात त्याने कुठे बसवून घेतला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तरुणपणी भोंगा स्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात वायरी गुंडाळायचा. भाड्याने गेलेले स्पीकर परत आले की मालक ते तपासायला एक कॅसेट लावी. ती एका रॉक बँडची होती. मालकाला गाण्याशी देणंघेणं नव्हतं. खालचे वरचे सगळे आवाज एका जागी सापडतात म्हणून ती लावायची, बस. त्या कॅसेटमध्ये एक गाणं होतं. त्या गाण्यात एका जागी ड्रम थांबतात, गिटार थांबते, आणि गायक एकटाच वर वर चढत सगळ्यांत वरच्या सुरावर जाऊन उभा राहतो. नुसता उभा. हलत नाही, थरथरत नाही. ऐकणाऱ्याचा श्वास संपतो, त्याचा संपत नाही. मग कधीतरी खालून गिटार येते आणि त्याला अलगद उतरवून घेते. त्या जागेला भोंगा 'कडा' म्हणायचा.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा एक पोरगा होता. त्याला सगळे चष्मे म्हणत, आणि त्याने जन्मात कधी चष्मा लावला नाही. कडा ऐकायला तोही काम टाकून यायचा. दोघांनी मिळून गायकाचं नाव बुवा ठेवलं. बुवा तेव्हा खांद्यापर्यंत केस वाढवलेला, कातडी जाकिटातला उंच माणूस होता आणि बुवापणाचं एकही लक्षण त्याच्या अंगी नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

भोंग्याने तो कडा चढायचा ध्यास घेतला. गच्चीवर एक रिकामी पाण्याची टाकी होती. तिच्यात डोकं घालून तो श्वास पुरवायची सवय करायचा. आई खालून ओरडायची, "टाकीत तोंड घालून काय बोंबलतोस? पोटापाण्यासाठी बोंबल जरा!" पुढे त्याने नेमकं तेच केलं. डेपोत उद्घोषकाची जागा निघाली तेव्हा बाकीचे उमेदवार लांबलचक घोषणेत मध्येच धापा टाकत होते आणि हा पठ्ठ्या एका श्वासात अकरा गावं सांगून वर हसत होता. नोकरी बुवाने दिली, असं तो कायम म्हणायचा.

बुवाला त्याने प्रत्यक्ष पाहिलं ते नोकरी लागली त्या वर्षी, नदीपलीकडच्या मैदानात. चष्मे सोबत होता. कडा आला. सगळं थांबलं. बुवा चढला आणि उभा राहिला, गळ्याची शीर दोरीसारखी ताठ. आणि भोंग्याने एक गोष्ट टिपली. गिटारवाला हात वर धरून बुवाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. बुवा कधी उतरणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बुवालाही नसावं. ते तोंड मिटायला लागलं तसा गिटारवाल्याचा हात खाली आला. त्या रात्री भोंगा आणि चष्मे पूल चालत ओलांडून घरी आले आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बोलून ते सांडलं असतं.

एवढा एकच शो चांगला झाला. पुढचे सगळे बिनसले.

मध्ये लग्न झालं. बायको कपडे उसवून-आवळून देण्याच्या दुकानात होती. कुणाची विजार आखूड, कुणाची बाही मोठी, हे बघण्यात तिचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे तिच्या नजरेतून अर्धा इंच सुटायचा नाही. बँडचं तिला प्रेम नव्हतं. आपला नवरा कशापायी एवढा खुळा होतो ते बघायला ती पहिल्यांदा आली आणि मग येतच राहिली. तिच्या त्या पहिल्या शोमध्ये कडा आला, बुवा चढला, पण एक पायरी खालीच थांबला. लोकांच्या लक्षातही आलं नाही. भोंग्याच्या काळजात मात्र धस्स झालं. परतीच्या वाटेवर तो गप्प. पूल लागला तशी बायको म्हणाली, "अहो, कुणी गेलंय का? बोला तरी!"

"स्पीकरवाल्याने वरचा आवाज कापला," भोंगा म्हणाला. "मी त्या धंद्यात होतो. मला कळतं."

"हं. म्हणजे बुवांचा दोष नाही."

"छे! त्याचा कसला दोष?"

तिथून तो रिवाज पडला. शोनंतर पूल येईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. पूल सुरू झाला की भोंग्याने सबब सांगायची. पूल संपायच्या आत बायकोने आणि चष्म्याने ती मान्य केली तर ठीक, नाहीतर पलीकडच्या टपरीवर चहा भोंग्याकडून. खेळच होता तो. पण खेळता खेळता लागलेली सवय फार चिवट असते.

काही वर्षांनी बँड पुन्हा आला. बुवाचे केस विरळ झाले होते, जाकीट पोटावर बसत नव्हतं. कडा आला तसा बुवाने माइक लोकांपुढे धरला आणि स्वतः हात पसरून उभा राहिला. मैदानभर लोक बेंबीच्या देठापासून किंचाळले. त्याला कडा म्हणणं म्हणजे दगडाला देव म्हणण्यासारखं होतं.

पुलावर भोंगा म्हणाला, "आपल्याला मान दिला त्याने. एवढी वर्षं आपण ऐकलं, आज म्हणाला, तुम्ही गा."

"मग उद्या तुम्हीही द्या प्रवाशांना मान," बायको म्हणाली. "म्हणा, ओळखा पाहू गाडी कुठल्या फलाटावर लागलीय!"

चष्मे पुलाच्या कठड्याला धरून हसला. चहा भोंग्याकडून झाला.

त्यानंतरचा शो नदीपलीकडच्याच एका बंद सभागृहात होता. सुरूच उशिरा झाला. बुवा उंच स्टुलावर बसून गात होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये फार बोलत होता, जुन्या दिवसांचं, प्रवासाचं, कुठल्या कुठल्या हॉटेलांचं. ते गाणं आलंच नाही. लोक ओरडून ओरडून मागत राहिले. बुवाने हसून हात हलवला आणि पडदा पडला. पुलावर भोंगा म्हणाला, "एकच गाणं माणसानं जन्मभर किती वेळा म्हणायचं?"

बायको मग म्हणाली, "सबब मान्य. पण माणूस थकलाय हो."

भोंगा भडकला. "बुवा थकत नसतो," असं म्हणून तो तरातरा पुढे निघून गेला आणि त्या दिवशी चहा झालाच नाही. प्रेमाच्या माणसाबद्दल खरं बोललेलं असंच झोंबतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की स्वतःचा आवाज बसला तेव्हा भोंग्याकडे सबबींचं भांडार तयार होतं. खोलीची काच तडकलीय, डिझेलचा धूर आत येतो. पंखा थेट नरड्यावर वारा सोडतो. नवा माइक हलक्यातला आहे, जोर लावावा लागतो. बायको ताट वाढता वाढता ऐकायची. तिला दिसत होतं. त्याच्या शर्टांच्या कॉलर सैल पडायला लागल्या होत्या. तिने दोन विजारी कमरेत आवळून दिल्या आणि एका संध्याकाळी टेप घेऊन म्हणाली, "थांबा, गळ्याचं माप घेते. कॉलर गळ्याशी उभी राहत नाही तुमची."

"नको," भोंगा एकदम मागे सरला. "कापडच सैल पडलंय. धुऊन धुऊन."

तिने टेप परत गुंडाळून ठेवला. धुऊन कापड आटतं, सैल पडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण सबब मान्य करायची तिलाही सवय झाली होती, आणि न मान्य करण्यात काय काय दडलेलं आहे याची तिला भीती वाटत होती. तिने नुसतं एक केलं, जुन्या लोकरीचा आणखी एक मऊ मफलर त्याला विणून दिला. त्यावर भोंगा इतका खूश झाला की तिला ते आवडलं नाही.

डेपोत मात्र सबबी चालत नसत. गावाचं नाव ऐकू आलं नाही तर माणसं चुकीच्या गाडीत बसतात. आवाज ऐन वाक्यात तुटायला लागला, 'फलाट क्रमांक' च्या पुढे नुसता वारा यायला लागला, तशी भोंग्याची पाचावर धारण बसली. आणि मग त्याला युक्ती सुचली. पहाटे, उठल्या उठल्या गरम पाणी प्यायलं की त्याचा आवाज थोडा वेळ पहिल्यासारखा लागायचा. डेपोत लवकर जाऊन, दार लावून, तो एकेक घोषणा मोबाइलमध्ये भरून ठेवू लागला. गाड्या ठरलेल्या, फलाट ठरलेले, गावं ठरलेली. महिनाभरात सगळ्या घोषणा भरून झाल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'घाई करू नका' सकट. त्यानंतर गाडी लागली की तो माइकसमोर मोबाइल धरायचा आणि बोट दाबायचा. खाली पिशव्या उचलल्या जायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणायचा, पण मुठीत काय आहे हे त्याला ठाऊक होतं.

कुणाला कळलं नाही. म्हणजे असं त्याला वाटलं. शेजारच्या खोलीत कंट्रोलरबाई बसत. गाडी लागल्याची चिठ्ठी त्या खिडकीतून आत सरकवत आणि सहसा मान वर करत नसत. एक दिवस चिठ्ठी सरकवून त्या तिथेच थांबल्या.

"आज आवाज फार छान लागला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "अगदी पूर्वीसारखा."

"मध घेतला होता," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो का? मला वाटलं चहा. तेव्हा तुमच्या तोंडाला कप होता ना."

त्याने चिठ्ठीत डोकं घातलं. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनाही मुलंबाळं होती, आणि दुसऱ्याच्या घरातलं जळकं आपण कशाला हुंगायचं, असं म्हणून जग चालतंच. फक्त जाता जाता म्हणाल्या, "एखाद्या दिवशी गाडीचा फलाट बदलेल हो. मग काय कराल?"

अशात भिंतींवर पोस्टरं लागली. बँडचा शेवटचा दौरा. त्याच नदीपलीकडच्या मैदानात. चष्मे धावत डेपोत आला. त्याचे हात आता थरथरत आणि भिंगं मशीन घासत असे. "भोंग्या, शेवटचं! कडा म्हणणार म्हणतात!" भोंग्याला आनंद व्हायला हवा होता. त्याचा हात आपोआप मफलरकडे गेला.

मैदानाच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे लावले होते, त्यांवर बुवाचा चेहरा घराएवढा दिसत होता. गालफडं बसलेली. कातडी जाकिटाच्या आत त्याने गळ्याभोवती काळा रुमाल गुंडाळला होता, दोन वेढे देऊन, घट्ट. उकाड्याचे दिवस होते. बायको कानाशी म्हणाली, "यांना थंडी वाजते का हो?" भोंग्याने आपल्या मफलरचं टोक आत खोचलं. त्याला एकाएकी घाम फुटला होता.

पण गाणी सुरू झाली आणि चमत्कारच झाला. आवाज खणखणीत! पहिल्या गाण्यापासून लोक वेडे झाले. तो जुना आवाज, कॅसेटमधला, टाकीत डोकं घालून भोंग्याने ज्याच्या मागे धाव घेतली होती तो. चष्मे लहान पोरासारखा उड्या मारत होता. आणि मग ते गाणं आलं. ड्रम थांबले. गिटार थांबली. बुवा चढला, आणि सगळ्यांत वरच्या सुरावर जाऊन उभा राहिला.

भोंग्याने डोळे मिटायला घेतले आणि मिटता मिटता गिटारवाल्याकडे पाहिलं. गिटारवाला बुवाकडे बघतच नव्हता. मान खाली घालून तो पायाने ताल मोजत होता. कडा चालू होता आणि हा माणूस मोजत होता, कारण सूर कधी संपणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. भोंग्याने पडद्याकडे पाहिलं. घराएवढा गळा. त्या सुराला शीर ताठ व्हायलाच हवी. रुमालाच्या वर कातडी लोळत पडली होती, सैल, शांत. आणि शेवटी बुवाने घाम पुसायला माइक एवढासाच बाजूला नेला, आणि सूर तसाच उभा राहिला, त्याच्यावाचून.

चोराची पावलं चोराला कळतात. त्या हजारो माणसांत ते एकट्या भोंग्याला कळलं, कारण रोज सकाळी चहाचा कप तोंडाला लावून तो हेच करत होता. आजूबाजूला माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. भोंग्याला वाटलं आपल्याला कुणीतरी थंड पाण्यात उभं केलंय. त्याने बुवाच्या डोळ्यांकडे पाहिलं. पडद्यावर ते स्पष्ट दिसत होते. माणूस घाबरलेला होता.

पूल लागला. चष्मे डोळे पुसत होता. बायकोने भोंग्याच्या दंडाला धरलं आणि हसून म्हणाली, "आज सुटलात हो! आज पहिल्यांदाच सबब लागणार नाही. मला सुद्धा काटा आला अंगावर."

"बोल की रे भोंग्या!" चष्मे म्हणाला. "एवढी वर्षं त्याची बाजू घेतलीस, आज जिंकलास तर तोंड शिवलंस होय?"

भोंगा मूग गिळून चालत राहिला. खाली नदीचं पाणी काळं दिसत होतं. आज पहिल्यांदा त्याच्याकडे सबब नव्हती आणि ती कुणी मागतही नव्हतं. टपरीवर चहा झाला. चष्म्याने पाजला. भोंग्याला तो घोट घोट गिळावा लागला, कारण सरळ गिळलं की नरड्यात काहीतरी अडत होतं. बायको हसत हसत त्याच्याकडे बघत होती. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं आणि तिने नजर कपात वळवली.

पुढे काही आठवड्यांनी चष्मे डेपोचा जिना चढून वर आला. तो कधी वर येत नसे. दारातच उभा राहून म्हणाला, "बुवाचे पुढचे सगळे शो रद्द झाले."

भोंग्याने नुसती भुवई उचलली.

"गळा," चष्मे म्हणाला. "फार दिवस होतं म्हणतात. कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असता तर." वाक्य त्याने तिथेच सोडलं. मग बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "आपण टाळ्या वाजवल्या रे. मी रडलो. आनंदाने रडलो मी, गाढवासारखा!"

भोंग्याला त्याला काही सांगायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. तेवढ्यात खिडकीतून चिठ्ठी सरकली. त्याने सवयीने मोबाइल माइकसमोर धरला आणि बोट दाबलं. खणखणीत आवाज फलाटभर पसरला. चष्मे ऐकत होता, बघत होता. ऐकत होता भोंग्याचा आवाज, बघत होता भोंग्याचं मिटलेलं तोंड. तो उठला. त्याने भोंग्याच्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनींना सांग," तो म्हणाला. "आज. नाहीतर मी सांगतो."

सांग म्हणणं सोपं असतं. भोंगा त्या रात्री घरी तीनदा सुरुवात करायला गेला. पहिल्यांदा बायको दिवा मालवत होती, दुसऱ्यांदा खोकला आला, आणि तिसऱ्यांदा त्याच्याच तोंडून आलं, "त्या पंख्याचं काहीतरी करायला हवं." इतक्या वर्षांची सवय, जीभ तिकडेच वळायची. खरं बोलायला त्याच्याकडे आवाज तर नव्हताच, तोंडही उरलं नव्हतं. सकाळी निघताना तो एवढंच म्हणाला, "दुपारी डेपोत येशील? चार नंबरच्या फलाटाशी."

"का हो?"

"ये."

डेपोत जाऊन त्याने कंट्रोलरबाईंना मोबाइल दिला आणि काय करायचं ते खुणेने आणि कुजबुजून सांगितलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी घेतला.

बायको आली ती दुकानातूनच, केसांत दोऱ्याचा तुकडा अडकलेला. फलाट चारच्या बाकड्यावर भोंगा बसला होता. ती शेजारी बसली. "अहो, ड्यूटीवर ना तुम्ही? वर कोण आहे?" त्याने तिला थांब अशी खूण केली. समोर एक गाडी येऊन लागली. वर स्पीकरमधून नेहमीची टिंगटिंग वाजली आणि आवाज आला, भरदार, एका श्वासातला.

"फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी, बाजारपेठ, नदीपूल, मोठं इस्पितळ..."

तिची मान सवयीने वर काचेच्या खोलीकडे गेली. तो बोलायला लागला की ती अशीच वर बघायची, लग्न झाल्यापासून, जरा मिरवत. काचेमागे कंट्रोलरबाई उभ्या होत्या. तिची मान हळूहळू खाली आली, शेजारी वळली. तिचा नवरा तिच्याजवळ बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचा आवाज वरून थांबे सांगत होता.

तिने हात पुढे केला आणि मफलरची गाठ सोडली, स्वतःच्या हातांनी विणलेल्या मफलरची. मग शिंपिणीची बोटं जबड्याखाली सरकली आणि एका जागी थांबली. गाठ आता वाटाण्याएवढी राहिली नव्हती.

"कधीपासून?" ती म्हणाली. आणि त्याने तोंड उघडताच, "सबब सांगायची नाही. हात जोडते."

"हिवाळ्यापासून," भोंगा म्हणाला. तो नुसता वारा होता, पण तिला कळलं.

ती उठली. समोर ड्रायव्हरने गाडी चालू केली होती, दार अजून उघडं होतं, कंडक्टर शेवटची शिट्टी वाजवायच्या बेतात होता. आणि वरून तोच आवाज आला, शांत, मायाळू, सबंध फलाटाला धीर देणारा. "घाई करू नका, गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही." बाकीचे प्रवासी सावकाश पिशव्या उचलत होते. तिने नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं आणि त्याला ओढत धावत सुटली. त्या आवाजावर तिचा आता विश्वास उरला नव्हता.